पाण्यातील नायट्रेट आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरचा फाटा

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतील घराघरांत पाणी उकळून पिण्याची सूचना पोहोचते, आणि जंतूंच्या बाबतीत ती सूचना अगदी योग्य आहे. पाण्यात नायट्रेट असेल तर मात्र उकळण्याचा काहीही उपयोग होत नाही. उलट वाफेच्या रूपाने पाणी कमी होते, नायट्रेट भांड्यातच राहते आणि त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटी फिरवून ते खाली बसत नाही, क्लोरीनने नष्ट होत नाही, कापडाने किंवा साध्या कँडलच्या फिल्टरने अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि विहिरींत सहसा आढळते तेवढ्या प्रमाणात त्याची चवही जाणवत नाही. अशा पदार्थाला पाण्यातून नुसते बाजूला काढण्याऐवजी त्याचे निरुपद्रवी किंवा उपयोगी पदार्थात रूपांतर करता येईल का, या प्रश्नावर रसायनशास्त्रज्ञ गेली साडेतीन दशके काम करीत आहेत. त्या कामाचा गाभा, म्हणजे त्यासाठी लागणारा उत्प्रेरक कसा रचला जातो, हे येथे सोप्या भाषेत मांडायचे आहे.

नायट्रेट म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू मिळून झालेला, ऋण विद्युतभार असलेला आयन, म्हणजे विद्युतभारित कण. त्याचे जवळजवळ सर्व क्षार पाण्यात सहज विरघळतात, आणि मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋण भारच असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. शेतात टाकलेला युरिया, शेणखत, गोठ्यातील मूत्र, शोषखड्ड्यांत मुरणारे मैलापाणी या सगळ्यांतील नायट्रोजनचे मातीतील जिवाणू अखेरीस नायट्रेट बनवतात. शेतात घातलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याच्या आसपासच पिकांच्या वाट्याला येतो. उरलेल्याचा बराचसा भाग पावसाच्या पाण्याबरोबर खाली भूजलात किंवा बाजूच्या नदीनाल्यांत जातो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसला तरी या मर्यादेत सूट दिलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशभरातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुने ही मर्यादा ओलांडणारे निघाले. महाराष्ट्रात वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांची स्थिती विशेष चिंताजनक असल्याचे त्यातून दिसले. ठाण्यात किंवा ऐरोलीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे गाव आणि गावची विहीर याच जिल्ह्यांत आहे, त्यामुळे हा विषय शहरातल्या वाचकापासून दूरचा नाही.

मर्यादा ४५ मिलिग्रॅमची का, याचे उत्तर तान्ह्या मुलांशी जोडलेले आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी काही बाळे निळसर पडत असल्याचे नोंदवले आणि त्याचा संबंध पाण्यातील नायट्रेटशी जोडला. नायट्रेटपासून शरीरात नायट्राइट तयार होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते, आणि असे बदललेले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांना याचा धोका सर्वाधिक असतो. याखेरीज, शरीरात नायट्राइटपासून काही कर्करोगकारक संयुगे बनू शकतात. म्हणूनच, ती बनण्यास अनुकूल परिस्थितीत पोटात गेलेले नायट्रेट मानवासाठी ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने म्हटले आहे. नायट्राइट हे नायट्रेटपेक्षा अधिक घातक आहे, ही बाब पुढे उत्प्रेरकाचा विचार करताना फार महत्त्वाची ठरते, कारण अर्धवट झालेली अभिक्रिया पाणी सुधारण्याऐवजी बिघडवू शकते.

आपल्या भागातील चित्र विहिरींवर अवलंबून असलेल्या गावांपेक्षा वेगळे आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचे, तर ठाणे जिल्ह्यातील शहरांना भातसा, बारवी आणि उल्हास नदीचे पाणी मिळते, आणि पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या या धरणांत भूजलासारखे वर्षानुवर्षे नायट्रेट साचत राहण्याचा प्रकार सहसा घडत नाही. प्रश्न येतो तो गृहसंकुलांच्या बोअरवेलचा आणि कोठून भरला हे ठाऊक नसलेल्या टँकरचा. हे पाणी पिण्यासाठी वापरायचे असेल तर त्याची नायट्रेटसाठी स्वतंत्र तपासणी करून घेणे आवश्यक आहे. दुसरा प्रश्न नदीचा आणि खाडीचा आहे. कल्याणच्या बाजूला उल्हास नदीवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी ही नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर पोसलेली असते. ठाणे खाडीतही सांडपाण्यातून हेच पोषक घटक येतात. ज्या सूक्ष्म शैवालावर फ्लेमिंगो जगतात ते अशा पोषक पाण्यात वाढते हे खरे असले, तरी पोषण मर्यादेबाहेर गेले की कुजणारे शैवाल पाण्यातील ऑक्सिजन संपवते आणि मासे, कोळंबी, चिंबोऱ्या यांना जगणे अशक्य होते. २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेल्या या खाडीची काळजी घ्यायची असेल तर तिच्यात उतरणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवावाच लागेल. तिसरा प्रश्न औद्योगिक सांडपाण्याचा आहे. नायट्रिक आम्ल जेथे जेथे वापरले जाते, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या सफाईत, रंगद्रव्यांच्या मध्यवर्ती रसायनांत, खते आणि स्फोटके बनवताना, तेथे सांडपाण्यात लिटरला शेकडो किंवा हजारो मिलिग्रॅम नायट्रेट येऊ शकते.

नायट्रेट काढण्याच्या प्रचलित पद्धती चांगल्या आहेत, पण प्रत्येकीची एक अडचण आहे. आरओ यंत्र आणि आयन-विनिमय करणारे रेझिन (पाण्यातील नायट्रेट धरून बदल्यात क्लोराइड सोडणारा पदार्थ) ही दोन्ही नायट्रेटला पाण्यापासून वेगळे करतात, नष्ट करीत नाहीत. आरओच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यात किंवा रेझिन धुतलेल्या मिठाच्या द्रावणात ते अधिक दाट होऊन बसते, आणि ते पाणी गटारात सोडले की प्रश्न केवळ पुढे ढकलला जातो. जिवाणूंकडून विनायट्रीकरण करून घेण्याची पद्धत नायट्रेटचे खरोखरच नायट्रोजन वायूत रूपांतर करते. नवी मुंबई महापालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत वापरले जाणारे तंत्र याच तत्त्वावर चालते: एकाच टाकीत काही वेळ हवा सोडून अमोनियाचे नायट्रेट होऊ द्यायचे आणि हवा बंद करून नायट्रेटचा नायट्रोजन होऊ द्यायचा. मात्र या जिवाणूंना सेंद्रिय कार्बनचे खाद्य लागते, ते मैलापाण्यात भरपूर असते आणि बोअरवेलच्या स्वच्छ पाण्यात जवळजवळ नसते. खारट किंवा रसायनांनी भरलेल्या औद्योगिक सांडपाण्यात तर त्यांचा टिकाव लागणेच कठीण होते. शिवाय त्यांचे काम अपुरे राहिले तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. ज्या पाण्यात जिवाणू चालत नाहीत, त्या पाण्यासाठी उत्प्रेरकाचा विचार होतो.

उत्प्रेरक हा अभिक्रियेत भाग घेतो, तिचा वेग वाढवतो आणि शेवटी स्वतः शिल्लक राहतो. जी अभिक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने मुळात शक्यच नाही ती तो घडवू शकत नाही; शक्य असूनही वाटेतील अडथळ्यामुळे थांबलेल्या अभिक्रियेला तो कमी अडथळ्याची वाट देतो. नायट्रेट आणि हायड्रोजन यांच्यापासून नायट्रोजन वायू आणि पाणी तयार होणे हे ऊर्जेच्या हिशेबाने अगदी अनुकूल आहे, तरीही नायट्रेटच्या पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे कितीही वेळ सोडले तरी काहीच घडत नाही. याचे कारण नायट्रेटच्या रचनेत आहे. त्याचे तीन ऑक्सिजन अणू नायट्रोजनभोवती समान अंतरावर घट्ट बसलेले असतात, जादा इलेक्ट्रॉन आत घेण्यासाठी त्याच्याकडे असलेली जागा ऊर्जेने फार वरच्या पातळीवर असते, आणि धातूच्या पृष्ठभागाला ते फारसे चिकटतही नाही. म्हणून पहिला ऑक्सिजन अणू काढणे, म्हणजे नायट्रेटचे नायट्राइट करणे, हीच बहुतेक वेळा सर्वांत संथ पायरी असते. तेथून पुढे दुसरा ऑक्सिजन निघाला की उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, आणि खरी गंमत तेथे सुरू होते.

ठाण्याहून सुटणारी ट्रान्स-हार्बरची गाडी ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे करीत तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने येते. तुर्भ्यानंतर एक फाटा सानपाडा-वाशीकडे जातो आणि दुसरा जुईनगर-नेरूळमार्गे पनवेलकडे. नायट्रेटचा प्रवासही नायट्रिक ऑक्साइडपर्यंत एकाच मार्गाने होतो आणि तेथे फाटा फुटतो. पृष्ठभागावर नायट्रोजनच्या अणूला शेजारी दुसरा नायट्रोजन भेटला तर दोघांची जोडी जमते आणि अखेरीस नायट्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा ७८ टक्के भाग ज्याने व्यापला आहे तोच निरुपद्रवी वायू. त्याच अणूला शेजारी केवळ हायड्रोजन भेटत राहिला तर एकामागून एक तीन हायड्रोजन जोडले जाऊन अमोनिया तयार होतो, म्हणजे खताचा कच्चा माल. उत्प्रेरक रचणाऱ्याचे काम नुसता वेग वाढवण्याचे नाही. फाट्यावर कोण कोणाला भेटेल हे ठरवण्याचे आहे, आणि त्याआधी समोरच्या पाण्यासाठी कोणता फाटा योग्य आहे हे ठरवण्याचे आहे.

नायट्रोजन वायूच्या मार्गाचा पाया १९८९ मध्ये जर्मनीतील व्होरलॉप आणि टाके यांनी घातला. पॅलेडियम हा धातू हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू सहज वेगळे करतो आणि नायट्राइटचे क्षपणही, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून टाकण्याचे कामही, उत्तम करतो, परंतु नायट्रेटपुढे तो एकटा हतबल ठरतो. तांब्याचे याच्या उलट आहे: ते नायट्रेटमधील पहिला ऑक्सिजन ओढून घेऊ शकते, पण त्या प्रयत्नात स्वतः ऑक्साइड होऊन बसते आणि हायड्रोजनचे रेणू फोडणे त्याला जमत नाही. या दोघांनी हे दोन धातू एकत्र आणले. तांब्याने ऑक्सिजन काढून घ्यायचा, शेजारच्या पॅलेडियमवरून सरकत आलेल्या हायड्रोजन अणूंनी तांब्याला पुन्हा मूळ रूपात आणायचे, आणि मोकळे झालेले नायट्राइट पॅलेडियमवर जाऊन पुढची वाट चालायची, अशी ती कामाची वाटणी आहे. हे दोन धातू नुसते एका भांड्यात असून भागत नाही; ते अणूंच्या पातळीवर एकमेकांना लागून असावे लागतात, नाहीतर हायड्रोजन तांब्यापर्यंत पोहोचतच नाही.

पुढे तांब्याच्या जागी कथिल आणि इंडियम वापरून पाहण्यात आले. टेक्सासमधील राइस विद्यापीठात मायकेल वाँग यांच्या गटाने पॅलेडियमच्या अतिसूक्ष्म कणांवर इंडियमचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले, तेव्हा कणाच्या पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग इंडियमने व्यापला असताना अभिक्रियेचा वेग सर्वाधिक आढळला. इंडियम कमी असेल तर ऑक्सिजन काढायला जागा अपुरी पडतात, जास्त असेल तर हायड्रोजन फोडायला पॅलेडियम उघडे उरत नाही. मला हा प्रयोग उत्प्रेरकांच्या रचनेचा सर्वांत स्पष्ट धडा वाटतो, कारण त्यात कोणताही नवा, अनोखा पदार्थ शोधलेला नाही. दोन परिचित धातूंची पृष्ठभागावरील मांडणी तेवढी काळजीपूर्वक बदललेली आहे.

मांडणी साधली तरी पाणी स्वतः अडथळा आणते. नायट्रेटचा प्रत्येक आयन संपताना मागे एक हायड्रॉक्साइड आयन सोडतो, त्यामुळे उत्प्रेरकाभोवतीचे पाणी अल्कधर्मी होत जाते. अशा पाण्यात नायट्रेट आणि नायट्राइट पृष्ठभागावर कमी येतात, तेथे नायट्रोजनच्या मानाने हायड्रोजनची गर्दी वाढते आणि गाडी नको असताना अमोनियाच्या फाट्याला लागते. उपाय म्हणून पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचा सामू सौम्य आम्लधर्मी ठेवतात. सच्छिद्र गोळ्यांच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांत मात्र हा वायू पुरेसा पोहोचत नाही आणि तेथे हायड्रॉक्साइड कोंडून राहतो, म्हणून मौल्यवान धातू गोळीभर पसरवण्याऐवजी तिच्या बाहेरच्या पातळ थरातच ठेवणे हिताचे ठरते. अणूंच्या मांडणीपासून गोळीच्या जाडीपर्यंत सगळ्या पातळ्यांवर एकाच वेळी विचार करावा लागतो, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

आता दुसरा फाटा. जगात दरवर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया बनतो आणि त्याचा मोठा भाग खतांत जातो. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची फ्रिट्झ हाबर यांची पद्धत कार्ल बॉश यांनी कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्यासाठी लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो, आणि हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून मिळवला जातो. याच अमोनियाचे प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवर ऑक्सिडीकरण करून नायट्रिक आम्ल बनते. आपल्याकडे तळोजा औद्योगिक वसाहतीत अमोनिया, नायट्रिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट या तिन्हींचे उत्पादन होते, त्यामुळे ही साखळी नवी मुंबईच्या वेशीवरच पाहायला मिळते. एवढी ऊर्जा खर्चून हवेतून ओढून काढलेला नायट्रोजन शेवटी सांडपाण्यातील नायट्रेट बनून वाहून जातो, आणि तो परत मिळवण्याची कल्पना म्हणूनच आकर्षक आहे.

या मार्गात हायड्रोजन वायूऐवजी वीज वापरतात. ऋणाग्रावर, म्हणजे जेथून इलेक्ट्रॉन पुरवले जातात त्या विजेच्या टोकावर, उत्प्रेरक बसवलेला असतो. नायट्रेटच्या एका आयनाला आठ इलेक्ट्रॉन आणि पाण्यातील हायड्रोजन मिळाले की अमोनिया तयार होतो. नायट्रोजन वायूपर्यंत जायला पाच इलेक्ट्रॉन पुरतात. मुख्य स्पर्धक पाणी स्वतःच असते, कारण त्याच ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन घेऊन पाण्यापासून हायड्रोजन वायूही निघू शकतो, आणि तो निघाला की वीज फुकट जाते. पुरवलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी किती इलेक्ट्रॉन हव्या त्या पदार्थात गेले, या टक्केवारीला फॅराडे कार्यक्षमता म्हणतात. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस हारामियो यांच्या गटाने तीव्र नायट्रेट द्रावणात टायटॅनियमच्या ऋणाग्रावर ८२ टक्के कार्यक्षमता दाखवली. टायटॅनियम हायड्रोजन वायू बनवण्यात मंद आहे, हाच येथे त्याचा गुण ठरला. २०२१ मध्ये राइस विद्यापीठातील हाओतियान वांग यांच्या गटाने कार्बनच्या आधारावर लोहाचे सुटे सुटे अणू पसरवले. यामागील विचार सुंदर आहे: दोन नायट्रोजन शेजारी यायचे असतील तर सक्रिय जागाही शेजारी शेजारी हव्यात, आणि प्रत्येक लोह अणू एकटा असला की नायट्रोजनची जोडी जमण्याची संधीच उरत नाही, त्याला अमोनियाचाच फाटा घ्यावा लागतो. त्याच गटाने २०२२ मध्ये तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांवर रुथेनियमचे अणू विखरून लिटरला २,००० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले द्रावण ५० मिलिग्रॅमच्या खाली आणले, ९३ टक्के कार्यक्षमता गाठली, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातून हवा सोडून अमोनिया वेगळा काढून त्याचा अमोनियम क्लोराइड मिळवला.

असे धातू सुचतात कसे? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये, ज्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी मांडलेले तत्त्व आजही आधारभूत आहे: उत्प्रेरकाने रेणूला फार सैल धरले तर अभिक्रिया सुरू होत नाही, फार घट्ट धरले तर तयार पदार्थ सुटत नाही आणि जागा अडून राहते. आज पुंजयामिकीवर (क्वांटम मेकॅनिक्सवर) आधारित संगणकीय गणितांतून निरनिराळ्या धातूंवर नायट्रेट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन आणि हायड्रोजन किती घट्ट बसतील याचा अंदाज आधीच घेता येतो आणि शेकडो मिश्रधातूंतून मोजकेच प्रयोगासाठी निवडता येतात. अडचण अशी की नायट्रेटची पकड वाढवली की पुढच्या टप्प्यांतील पदार्थांची पकडही बहुधा बरोबरीने वाढते. एकाच प्रकारच्या जागेवर सगळे साधत नाही, म्हणूनच दोन धातूंच्या शेजारी जागा पुन्हा पुन्हा उपयोगी पडतात. जिवाणूंनीही हेच केले आहे. त्यांच्याकडे नायट्रेटसाठी मॉलिब्डेनमचे, नायट्राइटसाठी लोहाचे किंवा तांब्याचे, आणि नायट्रस ऑक्साइडसाठी तांब्याचे वेगळे विकर (एन्झाइम) असते. प्रयोगाच्या बाजूने एक खबरदारी अनिवार्य आहे. अमोनिया हवेत, हातमोज्यांत, रसायनांच्या बाटल्यांत सर्वत्र थोडा थोडा असतो, त्यामुळे नायट्रोजनचे १५ वस्तुमानाचे समस्थानिक असलेले नायट्रेट वापरून, मिळालेला अमोनिया खरोखर त्याच नायट्रेटपासून आला हे सिद्ध करावे लागते.

कोणता फाटा कोठे योग्य, हे साध्या गणितातूनही कळते. समजा, बोअरवेलच्या पाण्यात लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि ते ४५ वर आणायचे आहे. काढलेल्या ४५ मिलिग्रॅममध्ये सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. तो सगळा अमोनिया होऊन पाण्यातच राहिला, तर पिण्याच्या पाण्यातील अमोनियाच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा तो २० पट होईल. म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रोजन वायूचाच मार्ग हवा, आणि तोही जवळजवळ निर्दोष हवा. थोडासा अमोनियाही तेथे परवडत नाही. त्यासाठी हजार लिटरमागे चार ग्रॅमहून कमी हायड्रोजन पुरतो, हे मात्र आशादायक आहे.

अमोनियाचे गणित वेगळे आहे. २ व्होल्ट दाब धरला आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असे मानले, तरी एक किलो अमोनियाला सुमारे २५ युनिट वीज लागते, तर नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात त्याच किलोमागे साधारण ८ ते १० युनिटांएवढी ऊर्जा खर्च होते. केवळ अमोनिया मिळवण्यासाठी हा मार्ग स्वस्त नाही. जेथे नायट्रेट काढणे तसेही बंधनकारक आहे, त्याचे प्रमाण मोठे आहे आणि मिळालेला अमोनिया त्याच वसाहतीत पुन्हा वापरता येतो, तेथेच तो शहाणपणाचा ठरतो. ठाणे-बेलापूर पट्टा किंवा तळोज्यासारख्या ठिकाणी या अटी पूर्ण होण्याची शक्यता आहे. शहरी मैलापाण्याला हा मार्ग लावणे मला योग्य वाटत नाही: त्यातील नायट्रोजन मुळात युरिया आणि अमोनियाच्या रूपातच असतो, तेव्हा वीज खर्चून हवा सोडून आधी त्याचे नायट्रेट करायचे आणि पुन्हा वीज खर्चून त्याचा अमोनिया करायचा, यात काहीच मिळकत नाही. ते काम जिवाणू चोख करतात, त्यांच्याकडेच ते राहावे.

प्रयोगशाळेतील बहुतेक आकडे शुद्ध पाण्यात नायट्रेटचे मीठ घालून मिळवलेले असतात, आणि खऱ्या पाण्यात उत्प्रेरकाची परीक्षा कठोर होते. क्लोराइड आयन पृष्ठभागावरच्या त्याच जागा अडवतात; सल्फाइड तर पॅलेडियमला अक्षरशः निकामी करते. विजेच्या मार्गात ऋणाग्राजवळचे पाणी अल्कधर्मी झाले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर त्यावर बसतात आणि उत्प्रेरक त्याखाली झाकला जातो. कमी क्षारांच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे विजेचा मोठा भाग पाणी तापवण्यात जातो. याच अडचणीवर हाओतियान वांग यांच्या गटाने २०२४ मध्ये घन विद्युत-वाहक पदार्थाचा थर मध्ये असलेली तीन कप्प्यांची रचना पुढे आणली. खाडीचे पाणी मिसळलेल्या खारट सांडपाण्यात वीज छान वाहते, पण धनाग्रावर क्लोराइडपासून हायपोक्लोराइट तयार होते. ते अमोनियाचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करते, हे कधी उपयोगाचे असते. सेंद्रिय पदार्थ उपस्थित असतील तर मात्र त्यांच्याशी संयोग पावून क्लोरीनयुक्त घातक संयुगे बनवते. आणि उत्प्रेरकातील धातू स्वतः पाण्यात उतरत असेल तर सगळेच व्यर्थ: पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम इतकी कमी आहे. म्हणून नव्या उत्प्रेरकाची बातमी वाचताना कार्यक्षमतेच्या टक्केवारीबरोबर तो किती तास चालला, कोणत्या पाण्यात चालला, शेवटी नायट्राइट किती उरले आणि पाण्यात धातू किती सापडला, हे चार आकडे पाहावेत.

यातील सर्वांत व्यवहार्य रचना मला रेझिन आणि उत्प्रेरक यांच्या जोडीची वाटते. गावच्या विहिरीवर किंवा संकुलाच्या बोअरवेलवर आयन-विनिमयाचे रेझिन बसवायचे. ते पाण्यातील नायट्रेट धरून बदल्यात क्लोराइड सोडते, आणि पिण्याच्या पाण्याचा उत्प्रेरकाशी संबंधच येत नाही. रेझिन भरले की ते मिठाच्या द्रावणाने धुवायचे, आणि नायट्रेटने दाट झालेल्या त्या थोड्याशा द्रावणावर उत्प्रेरकाची प्रक्रिया करून तेच मीठ पुढच्या धुण्यासाठी परत वापरायचे. त्यामुळे मिठाचा खर्च आणि टाकाऊ द्रावण दोन्ही घटतात, उत्प्रेरकाचे पात्र लहान ठेवता येते, आणि द्रावण दाट असल्यामुळे हायड्रोजन किंवा वीज कमी वाया जाते. अडचण उरते ती मिठातील क्लोराइडची आणि दर फेरीला त्या द्रावणात साचत जाणाऱ्या सल्फेटची. ही दोन्ही सोसून महिनोन्‌महिने चालणारा, पॅलेडियम-रुथेनियमसारख्या महागड्या धातूंचा कमीत कमी वापर करणारा उत्प्रेरक शोधण्यावर सध्या बरेच प्रयत्न एकवटले आहेत, आणि लोह, तांबे, कोबाल्ट यांच्या मिश्रणांकडे संशोधकांचे लक्ष त्याचमुळे वळले आहे.